चिंचेनं घासलेलं रिव्हॉल्व्हर
परवा शेजारी कुणी चिंच-राखेनं तांब्या घासत होतं, आणि त्या आंबट वासानं माझं डोकं पुन्हा तापलं. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा मोठ्या काकांनी पणजोबांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर पुनर्वसनातल्या घरात आणलं होतं. पुढे काही वर्षांनी ते ओळखून किंमत सांगायला नागपूरहून जुन्या बंदुकांचा पारखी येणार, म्हणून काकांनी दसऱ्याच्या पूजेला घासतात तसंच ते चिंच-राखेनं लखलखीत करून ठेवलं. पारखी खो-खो हसला. "काकाजी, बंदूक आहे की भांडं? कंपनीचा शिक्काच घासून टाकला तुम्ही! आता हे भंगार." काका ओशाळून म्हणाले, "मंग द्या काय द्याचं ते, न् घेऊन जा." तेवढ्यात मी पाहिलं, तो ते भंगार आपल्या रेशमी रुमालात तान्ह्या लेकरासारखं गुंडाळत होता. मी ओरडलोच, "भंगार हाये त इतकं जपून काहून गुंडाळून राहिले, साहेब?" आणि मी रिव्हॉल्व्हर हिसकावून काकांच्या हातात दिलं. आमच्या धानाच्या पिकत्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोजायला आलेला धरणाचा साहेबही त्यांना पडीकच म्हणाला होता, आणि मोबदलाही पडीक जमिनीचाच मिळाला. तेव्हा मी लहान होतो. पारखी आला तेव्हा नव्हतो.