पाठीवरची छोटी टाकी

“टाकी पुढं टांगायची का मागं बांधायची, यावरून आठ दिस अबोला व्हता दोघा भावांचा. आता बघा, काय झालं ते.”

चहाच्या टपरीमागून कुणीतरी हे हळू आवाजात बोललं. मी टपरीच्या अलीकडे पंचनाम्याची वही घेऊन उभी होते. समोर धरणाचा फुगवटा होता, दुपारच्या उन्हात इतका शांत, की त्यात थोड्याच वेळापूर्वी एक माणूस बुडता बुडता वाचला यावर विश्वास बसत नव्हता.

पोलीस खातं सोडून मला दोन वर्षं झाली. उपनिरीक्षक म्हणून चार वर्षांत हाताळलेली बरीच प्रकरणं पुसट झाली आहेत. हे मात्र अजून पाण्याखालच्या वस्तूसारखं दिसतं, किंचित हलणारं, पण स्पष्ट.

नाशिकच्या पश्चिमेला राहणारे हे दोघे भाऊ धरणात बुडालेलं काहीही काढून द्यायचे. थोरला सूर मारायचा, धाकटा होडीतून दोर सांभाळायचा. त्या दिवशी चोरीच्या गुन्ह्यातली मोटारसायकल शोधायला आम्हीच त्यांना बोलावलं होतं. तळाशी बुडालेल्या बाभळी आहेत. एका फांदीत थोरल्याची तोंडातली नळी फाटली. त्याने पाठीवरच्या राखीव छोट्या टाकीची नळी तोंडात घेतली. वर ओढला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “दोन श्वास आले. तिसरा आलाच नाय.” मग शुद्ध हरपली. वाचेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते.

मी छोटी टाकी पाहिली. काटा शून्यावर होता आणि कॉक घट्ट बंद.

टपरीवरचं बोलणं मी साहेबांना सांगितलं. ते सांगायलाच हवं होतं, पण सांगून झाल्यावर वाटलं, थोडं थांबले असते तर. कारण साहेबांनी लगेच धाकट्याला ठाण्यात आणलं.

“टाकी कुणी बांधली?”

“मीच.”

“कॉक?”

“माझ्याकडूनच राह्यला असंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हीच दोन उत्तरं. हवालदार मला म्हणाले, “म्याडम, हा कबूलच करतोय. तुम्ही इतकं बारीक लिहीत बसू नका, पेपर सोडवल्यासारखं.” मी इंग्रजी शाळेतली. मराठी जबाब लिहायला मला वेळ लागायचा, आणि त्या वेळात समोरच्याच्या हातांकडे लक्ष जायचं. याचे हात मांडीवर मेल्यासारखे पडले होते.

मी मुद्देमालातला टाक्यांचा संच अंगणात मागवला आणि त्याला म्हटलं, “कसं बांधतात ते दाखवा.”

हात जिवंत झाले. मोठी टाकी उभी करून त्याने तिच्या कुशीला छोटी टेकवली, पट्टे आवळले, दोन्ही हलवून पाहिल्या. बाजारात मुठीत मावणारी राखीव हवेची बाटली मिळत होती, थोरल्याला तीच हवी होती. “पण त्यात किती श्वास? एवढ्या खोलवरून सावकाश वर यायचं तर तीन लिटरची पायजेल,” तो म्हणाला. ती घेतली. थोरला ती छातीशी टांगायचा, कॉक बंद ठेवायचा आणि गरज पडली तर स्वतः उघडायचा. पण टांगलेली टाकी बाभळीत दोनदा अडकली, म्हणून धाकट्याने ती पाठीवर बांधली.

“मागं बांधली की हात पोचत नाय. मग कॉक उघडाच ठेवून उतरायचं. मी उघडला व्हता म्याडम. एक घोट ओढून पण बघितला.”

“मग बंद कसा झाला?”

तो पट्टे पुन्हा आवळू लागला.

त्याने दुसऱ्या, भरलेल्या टाकीवर मला दाखवलं. कॉक उघडला, पुन्हा बंद केला. काटा भरलेलाच दाखवत राहिला, कारण नळीत हवा अडकून असते. मी नळी तोंडात घेतली. पहिला श्वास थंड, कोरडा. दुसरा जड. तिसऱ्याला काहीच नाही. भर उन्हात, ठाण्याच्या अंगणात, मला क्षणभर वर हिरवं पाणी दिसलं.

कॉक उघडलाच नसता तर थोरल्याला ते दोन श्वासही आले नसते; म्हणजे तो उघडायचा राहिला नव्हता. उघडून मग कुणीतरी बंद केला होता. अंगणात आलेल्या साहेबांना मी हेच सांगितलं, तर ते म्हणाले, “झालं तर. जाणूनबुजून.”

मी धाकट्याला विचारलं, “उतरण्याआधी संचाजवळ कोण गेलं होतं?”

“कुणी नाय.” तो जमिनीकडे बघत म्हणाला. दिवसभरातलं ते पहिलं उत्तर, जे त्याने घाईने दिलं.

“रोज आम्ही ओरडून इचारतो,” तो पुढे पुटपुटला. “तो म्हणतो, उघडी? मी म्हणतो, उघडी! त्या दिशी बोलत नव्हतो ना. त्यानं इचारलं नाय, मी सांगितलं नाय.”

संध्याकाळी थोरल्याच्या बायकोचा जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. दिराला शिक्षा झालीच पाहिजे, असं ती रडत रडत सांगत होती. “दर टायमाला काठावर येऊन मी टाकीला कुंकू लावते मॅडम. त्या दिवशी पण लावलं. आणि ह्यानं…” बोलता बोलता तिने चहा गाळला, शेगडी बंद केली, आणि न बघता हात ओट्याखाली घालून सिलिंडरचा कॉकही फिरवला. वाक्य तुटलं नाही.

मी चहा प्यायले. कपातल्या वाफेकडे बघत राहिले आणि मला सगळं दिसलं: काठावर ताडपत्रीवर मांडलेल्या टाक्या, भाऊ होडीकडे गेलेले, कुंकू लावायला वाकलेली ती, आणि उघडी राहिलेली टाकी पाहून काळजीने फिरलेला हात.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. हेतू शोधताना आपण भांडण शोधतो. सवय शोधत नाही. भांडणाला साक्षीदार मिळतात. सवय ज्याच्या हातात असते, त्यालाही ती दिसत नाही. थोरला पुढे वाचला आणि पुन्हा पाण्यात उतरला. पण तिसऱ्या दिवशी दुपारी तो वाचेल की नाही, हे अजून ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी ती दिराविरुद्ध फिर्याद द्यायला ठाण्यात आली. फिर्याद टाइप झाली होती. सही घेण्याआधी ती वाचून दाखवणं माझं काम. धाकटा कोपऱ्यात उभा होता. माझ्या हातात कागद बघून तो अगदी हळू म्हणाला, “वहिनीला नका सांगू म्याडम. मला आत टाका, चालंल.” त्यालाही माहीत होतं तर. साहेब घड्याळ बघत होते. साहेबांसमोर मी तोवर ‘हो सर’पलीकडे फारसं बोलले नव्हते.

मी अर्धी फिर्याद वाचली. तिने पेन उचललं. मी कागदावर हात ठेवला.

“सही करू नका ताई,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “टाकी तुमच्या दिराने बंद केली नाही, तुम्ही केलीत, घरचा गॅस बंद करता तशी. यात कुणाचाही गुन्हा नाही, आणि हे मी साहेबांसमोर लिहून देते.”