लीडच्या जागी शेषराव

प्रेमला खवसे भिलाईच्या एका खासगी कंपनीत नेमकं काय करते, हे तिच्या नवऱ्यालाही धड सांगता येत नाही. "कंप्युटरवर माणसं हलवते," असं तो पाहुण्यांना सांगतो, आणि त्यात खोटं काही नाही.

कंपनी कन्व्हेअरचे पट्टे दुरुस्त करते. दीडशे माणसं, अकरा टीम. पाळी संपली की प्रत्येकानं मोबाईलवर रिपोर्ट भरायचा, तो टीमच्या लीडकडे जातो, लीड 'ओके' करतो, मग वर साहेबांकडे. कोण कोणत्या टीममध्ये, कोणाचा लीड कोण, हे मांडायचं आणि मांडलेलं नीट राखायचं, ते प्रेमलाचं काम. सॉफ्टवेअर बसवायला आलेली रायपूरची पोरं टीमला ए, बी, सी अशी नावं देऊन निघून गेली. असं कुठं असतं का? हिनं दुसऱ्याच दिवशी ती बदलली: सुशीलची टोळी, शेषरावची टोळी. माणूस ज्याचं ऐकतो त्याच्याच हाताखाली त्याला लावला. जेवणाच्या सुट्टीत कोण कोणासोबत डबा उघडतं तेही जाऊन पाहून आली. जे सोबत जेवत नाहीत ते एकमेकांचे रिपोर्ट अडवून ठेवतात, असं तिचं ठाम मत, आणि ते आजवर चुकलेलं नाही.

चूक झाली ती शेषरावच्या बाबतीत.

ऑगस्टअखेरीला शेषराव रिटायर झाले. हार, शाल, फोटो झाले. त्याच दिवशी त्यांचं नाव लीडच्या जागेवरून काढून, त्यांच्यामागे टोळी सांभाळणार होती त्या रीनाचं टाकायला हवं होतं. पण गळ्यात हार असलेल्या माणसाचं नाव पुसायला प्रेमलाचा हात धजेना. वरून शेषराव म्हणाले, "राहू दे ना प्रेमला, दिवाळीलोक. घरी मले करमणार नाही." बायको वर्षापूर्वी गेलेली, मुलगा नरेश पुण्याला. दिवाळीपर्यंत तर दिवाळीपर्यंत, म्हणून हिनं राहू दिलं. दिवाळी आली, गेली.

हुडको कॉलनीतल्या घरात शेषराव रोज सकाळी चहा घेत टोळीचे रिपोर्ट वाचायचे, एकेक ओके करायचे आणि मग प्रेमलाला फोन लावायचे. "चार नंबरचं बेअरिंग वाजून राहिलं म्हणते, लक्ष ठेवा बाप्पा." तेवढं ऐकून तिचा दिवस चांगला जायचा. कोणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटायचं.

बिघडत होतं रीनाचं. प्रत्यक्षात टोळी तीच चालवत होती. जुनवानीहून स्कूटीवर यायची, पट्ट्याखाली सगळ्यांत आधी शिरायची आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडायची. जानेवारीच्या शेवटी सुपरवायझरच्या जागेसाठी यादी निघाली. ज्यांनी लीडच्या जागी तीन महिने टीम चालवली त्यांची नावं सॉफ्टवेअर आपसूक उचलतं. इथंच घोडं पेंड खात होतं. मॅनेजर अभिनव येऊन म्हणाला, "मॅडम, रीना तो लिस्ट में है ही नहीं. शाम तक लिस्ट जानी है."

प्रेमला तशीच उठून पट्ट्यांकडे गेली. तिनं रीनाला गाठलं आणि विचारलं, "तू कावून नाही बोलली मले?"

"मले वाटलं काकू, माह्यातच काही कमी असन," रीना म्हणाली, आणि हातमोजे चढवून कामाला गेली.

हे प्रेमलाला फार लागलं. एका म्हाताऱ्याचं मन राखायच्या नादात आपण एका पोरीला पाच महिने स्वतःवरच शंका घ्यायला लावली. स्वतःची लाज वाटत होती तिला. नाव काढणं दोन मिनिटांचं काम, पण शेषरावांना न सांगता ते करणं तिला जमणारं नव्हतं. लॅपटॉप पिशवीत घालून ती दुपारीच हुडकोला गेली.

शेषरावांनी सगळं ऐकून घेतलं. "रिपोर्ट तर मी तिचेच वाचून राहिलो ना," ते म्हणाले. "इतकं साफ काम कोणाचंच नाही. अन् मीच तिच्या जागेवर बसून आहो. काढ, काढ माह्यं नाव."

प्रेमलानं टीम उघडली. लीड बदला म्हटलं की सॉफ्टवेअर विचारतं, कोणत्या तारखेपासून? तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"आजची तारीख टाकली, तर रीनाले काहीच मिळत नाही, भाऊ. ऑगस्टची टाकली, तर..."

"तर माह्ये ओके जातीन."

"हो. सप्टेंबरपासूनचे सगळे. तुमच्या नावावर एकही नाही राहणार."

शेषरावांनी फोनवर आपल्या ओकेंची यादी खालपासून वरपर्यंत सरकवली. पाच महिन्यांच्या सकाळी होत्या त्या. प्रेमलाला वाटलं, हे आता नको म्हणाले तर आपण काय करणार?

"एकतीस ऑगस्ट," ते म्हणाले. "मी रिटायर झालो ना त्या दिवशी? तेच टाक."

तिनं टाकली. क्षणात त्यांच्या फोनवर ओळ उमटली. शेषरावांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली: "आप किसी टीम में नहीं हैं." मग चष्मा काढून शर्टानं पुसला.

प्रेमलाला रडू आलं. तिनं ते लपवलंही नाही.

"रडून कावून राहिली? बरोबरच लिहिलं त्यानं," शेषराव म्हणाले. "रीनाले फोन लाव पहिले. तिले सांग, तुह्यात काही कमी नव्हतं. म्हाताऱ्याले जागेवरून उठाले उशीर झाला."