काचेच्या दारांची शेगडी

हिंगोलीत नवऱ्याला मिळालेलं सरकारी क्वार्टर म्हणजे जुना दगडी बंगला होता, मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडांना वाटून दिलेला. आमच्या खोलीत भिंतीतच एक शेगडी होती. वर छपराबाहेर गेलेलं धुराडं आणि समोर आधीच्या कुण्या साहेबानं बसवून घेतलेली काचेची दोन दारं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. वारा सुटला की धुराड्यात कुणी कण्हत असल्यासारखा आवाज यायचा. मी त्या दारांसमोर धान्याची कोठी ढकलली आणि दोन वर्षं तिकडे पाहिलंच नाही.

पोरगी झाली ती ऐन पौषात. बाळंतपणाला आखाडा बाळापूरहून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी आल्या आल्या कोठी सरकवली.

"इतकी चांगली शेगडी काहून दडवली गं?"

"भ्या वाटतं, आत्याबाई."

"बाळंतिणीनं इस्तवाला भ्यावं व्हय? शेकाबगर हाडं भरत न्हाईत."

नवरा दौऱ्यावर होता. सकाळी त्यांनी बाभळीची लाकडं पेटवली. आधी खोलीत धूर झाला, म्हणून त्यांनी काचेची दारं लावली. काच काळी होत गेली. दुपारपर्यंत आत लालभडक इंगळ उरला आणि धूर दिसेनासा झाला. मग शेक लागावा म्हणून त्यांनी दारं उघडली, आणि लेकराला वारं लागू नये म्हणून खिडकी घट्ट लावून घेतली. माझी बाज त्यांनी शेगडीजवळ ओढली आणि स्वतः खाली सतरंजीवर आडव्या झाल्या.

माझं डोकं ठणकायला लागलं. वाटलं, जागरणानं असेल. पोरगीला पाजायला घेतलं तर ती दूध ओढेना. तिच्या गालावर टिचकी मारली, पायाला चिमटा घेतला. ती नुसती लोळागोळा. "आत्याबाई!" मी हाक मारली. त्या हलल्या नाहीत.

उठायला गेले तर तोल गेला. पोरगीला छातीशी धरून मी रांगत दारापर्यंत गेले. कडी वर होती. दोनदा हात पोचला नाही. तिसऱ्यांदा ती निघाली आणि मी ओसरीवर पडले. थंड हवा तोंडावर आली. पोरगी गप्पच. तो वेळ किती होता मला सांगता येणार नाही. मग तिनं एक आचका दिला आणि रडली. ते रडणं ऐकून शेजारच्या वहिनी धावत आल्या. त्यांच्या हातात पोरगी देऊन मी परत आत गेले आणि आत्याबाईंना काखेत हात घालून ओढू लागले. वहिनींनी पोरगीला सुपात ठेवलं, त्याही आल्या. दोघींनी मिळून त्यांना बाहेर काढलं. वहिनींनी मग घाईत शेगडीवर बादली ओतली. तापलेली काच बंदुकीसारखी फुटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "खिडकी बंद होती?" मी हो म्हणाले. तिन्हीसांजेला आत्याबाई शुद्धीवर आल्या, पण दोन दिवस त्यांनी लेकराला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मीच पोरगीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या तिच्या नाकापुढे बोट धरून बसून राहिल्या.

नवऱ्यानं एका म्हाताऱ्या गवंडी चाचांना बोलावलं. त्यांनी छपरावर चढून धुराड्यातून टोपलंभर काड्या, पिसं आणि काजळी काढली. आतली लोखंडी झडप गंजून अर्धी मिटलेली होती.

"देखो बाई," चाचा म्हणाले, "पैले झडप पुरी उघडायची. मग कागद पेटवून आत धरायचा. धूर वर गेला तर लाकूड लावा, खोलीत आला तर हात लावू नका. गरम काचेला पाणी बिलकुल न्हाई. अन् राख वरून थंड दिसती, पोटात इंगळ ठेवती. झाकणाच्या डब्यात भरून बाहेर ठेवायची."

"आणि खिडकी?"

"बोटभर उघडी. थंडी वाजली तर गोधडी घ्या. थंडीनं माणूस कुडकुडतं. हिच्या हवेनं गुमान झोपतं."

नवरा म्हणाला, शेगडी विटांनी बुजवून टाकू. आत्याबाईच म्हणाल्या, "न्हाई. चूक आपली हाय." काच नवी बसली. पुढं दर हिवाळ्याआधी चाचा येऊन धुराडं झाडून जायचे. शेगडी गार झाली की मी ओल्या कागदाला राख लावून काच पुसायची, कडेला तडा गेलाय का ते बोटानं चाचपायची. विस्तव असेपर्यंत मी त्या खोलीत कधी डोळा लावला नाही, आणि कुणाला लावूही दिला नाही.

बदली झाली तेव्हा पोरगी शाळेत जायला लागली होती. क्वार्टर घ्यायला आलेली बाई लग्न होऊन नुकतीच आलेली. काचेची दारं पाहून ती हरखली. बाहेर टेंपोत सामान भरून झालं होतं, नवरा हाका मारून राहिला होता. मी तिचा हात धरून झडपेच्या दांडीवर ठेवला.

"उघडून दाखव."

ती हसली. मी हसले नाही. तिनं झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग मी तिला खिडकीकडे नेलं.