कोरिनचे शुक्रवार

पानगळीच्या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी व्हेसेलीत कोणी घरी सापडलं तर शप्पथ! दुकानं लवकर बंद होतात, चर्चच्या बायका कोलाच्यांचे, म्हणजे गोड सारणाच्या पावांचे, डबे घेऊन निघतात आणि अख्खं गाव शाळेच्या मैदानावर फुटबॉलला लोटतं. फुटबॉलचं नुसतं निमित्त हो. आमचे पोरगे हरण्यात पटाईत. पण मध्यंतरात बँड मैदानात उतरला की म्हातारेकोतारेसुद्धा उठून उभे राहतात. नेब्रास्कात आमच्या गावाचं काही नाव असेल तर ते बँडमुळे.

कोरिन कुबिचेक पाचवीपासून त्या बँडच्या वाटेवर होती. ती आणि ब्रेना, दोघी क्लॅरिनेटवर. एकाच स्टँडवरचं पान बघून वाजवायच्या, एकाच वेळी चुकायच्या आणि मग खांदे हलवत हसत बसायच्या. नववीत गेलं की मैदानात उतरायला मिळतं. लाल डगला, डोक्यावर तुरा. दोघींनी चार वर्षं त्याचीच वाट बघितली होती.

आणि नेमकं आठवीच्या उन्हाळ्यात डार्लाच्या डोक्यात वारं शिरलं.

डार्ला म्हणजे कोरिनची आई. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसते, फोन घेते, लोकांना बसायला सांगते. स्वतः कॉलेजात गेली होती, पण पहिल्याच वर्षी सोडून आली, आणि ते शल्य तिने कधी कोणाला विसरू दिलं नाही. एक दिवस ओल्टमनबाई दाढ काढायला आल्या. आत नंबर लागेपर्यंत त्यांनी सांगून टाकलं की त्यांच्या भाच्याला पूर्वेकडच्या बड्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेही बासून वाजवतो म्हणून. क्लॅरिनेटवाले पैशाला पासरी मिळतात. बासूनवाला कुठल्याच कॉलेजाला मिळत नाही. पण सुरुवात नववीतच करायला हवी, बारावीत जागं होऊन काही उपयोग नाही.

त्याच रात्री जेवताना डार्लाने जाहीर करून टाकलं. "कोरी, तू बासून शिकणार आहेस."

"ते काय असतं?" कोरिनचा बाप लेलंड म्हणाला. तो धान्याच्या कोठारावर काम करतो आणि घरात जास्तीत जास्त एवढंच बोलतो.

"फुंकायचं वाद्य असतं. दुर्मीळ."

"मॉम, माझं क्लॅरिनेट चांगलं चाललंय की."

"चांगलं चाललेल्या छप्पन्न पोरी आहेत. माझ्यासारखी जन्मभर दुसऱ्यांच्या अपॉइंटमेंटा लिहीत बसायचंय का तुला?"

 कोरिन ताटं उचलून धुवायला गेली. ती तशी गप्प बसणाऱ्यातलीच, आणि हीच तर पंचाईत.

शाळेत एक जुना बासून होता. बँडच्या ह्रुस्का सरांनी तो कपाटातून ओढून काढला तेव्हा त्याच्या पेटीवर बोटभर धूळ होती. उंचीला कोरिनच्या हनुवटीपर्यंत आला. लेलंडने बघितलं आणि म्हणाला, "हे वाजवायचं की परसात ड्रेनेजला जोडायचं?" डार्लाने असं काही बघितलं त्याच्याकडे की बिचारा उठून कुत्र्याला फिरवायला गेला.

सरांनी मात्र तेव्हाच सांगितलं होतं. "डार्ला, हे खुर्चीवरचं वाद्य आहे. हे गळ्यात घालून मैदानात चालता येत नाही. पानगळीत पोरगी करणार काय? मी तिला झांजा देतो, चालेल?"

"शुक्रवारी तिला जमणार नाही," डार्ला म्हणाली. "लिंकन शहरात ज्या बाईंकडे ती शिकणार, त्यांना शुक्रवारचाच वेळ आहे."

झालं. सगळं गाव मैदानाकडे जायचं आणि एकच गाडी उलट्या दिशेने निघायची. पुढच्या सीटवर डार्ला, मागे कोरिन, आणि तिच्या शेजारी ती लांबलचक पेटी. मैदानाजवळून जाताना दिव्यांचा उजेड गाडीत यायचा, ढोल ऐकू यायचे. कोरिन काच खाली करायची. डार्ला म्हणायची, "थंडी आत येतेय गं," आणि काच वर जायची.

पहिले काही शुक्रवार ब्रेना तिकडून फोनवर फोटो पाठवायची. वाकडा झालेला तुरा, कोणाचा तरी सुटलेला बूट, खाली लिहिलेलं, 'तू हवी होतीस गं.' कोरिन लिंकनच्या बाईंच्या दारात उभी राहून ते पुन्हा पुन्हा बघायची. मग फोटो कमी झाले. यात ब्रेनाला तरी काय दोष द्यायचा? वाजवता वाजवता कोण फोटो काढत बसतं!

पण सोमवार अवघड व्हायला लागले. जेवणाच्या सुट्टीत बँडची पोरं एकाच टेबलाला बसायची. कोणीतरी नुसतं "पुढून तिसरा!" म्हणायचं आणि सगळी हसून लोळायची. कोरिनही हसायची. एकदा तिने विचारलं, "काय झालं पण?" ब्रेनाने सांगायला सुरुवात केली, "अगं, शुक्रवारी ना, तो डेरेक..." आणि मध्येच थांबली. "जाऊ दे, तिथे असायला हवं होतंस." वाईट काहीच नव्हतं तिच्या मनात. पण कोरिनच्या मनाला ते लागायचं ते लागलंच. घरी येऊन ती खोलीचं दार लावून वाजवत बसली. खाली डार्ला ओट्याशी उभी राहून ऐकत होती आणि खूश होत होती की पोरगी आता आपणहून रियाज करते!

मी म्हणते, ऐकणारीला काही कळू नये म्हणजे कमालच झाली. तो आवाज ऐकवत नसे. भरलेल्या गळ्याने कोणी बोलावं तसा.

हिवाळ्यात बँड आत खुर्च्यांवर बसून वाजवतो, तेव्हा कोरिनलाही त्यात जागा मिळाली. पण सगळ्यात मागे, एकटीची. क्लॅरिनेटवाल्या पुढे ओळीने, खांद्याला खांदा लावून. आता ब्रेनाच्या शेजारी दुसरीच एक पोरगी होती. त्या दोघी एकाच वेळी चुकल्या आणि खांदे हलवत हसल्या, तेव्हा कोरिनने मान खाली घातली आणि डोळे पुसले. सरांना वाटलं, पान दिसत नाही म्हणून वाकलीय.

एक सांगायला हवं. कोरिन वाजवायला उत्तम शिकली. वर्षभरात शाळेच्या जुन्या बासूनमधून तिने असा सूर काढला की सर हातातलं काम विसरायचे. डार्ला तर हवेत होती. दहावीच्या ऑक्टोबरात राज्यभरातल्या निवडक पोरांच्या वाद्यवृंदाची परीक्षा होती. तिथे निवड झाली की कॉलेजवाले स्वतःहून विचारत येतात, असं ओल्टमनबाईंनी सांगितलंच होतं.

"तिथे तुझ्यासारखी एखाददुसरीच असेल बघ," डार्ला गाडीत म्हणाली.

परीक्षेच्या इमारतीत पाटीवर 'बासून' आणि खाली बाण. बाणाच्या दिशेने दोघी वळल्या आणि डार्ला जागच्या जागी थांबली.

अख्खा व्हरांडा बासूनने भरला होता. भिंतीला टेकून पोरं, प्रत्येकाच्या मांडीवर तो लांब नळा, आणि प्रत्येकाशेजारी एकेक आई, हातात पाण्याची बाटली. सगळ्यांचे बासून नवे, चकचकीत. एक बाई हसून म्हणाली, "आमच्या हिने सहावीपासूनच घेतला. क्लॅरिनेटला हल्ली कोण विचारतं?" दुसरी म्हणाली, "आमच्या शेजारणीच्या दातांच्या डॉक्टरांनीच सांगितलं."

डार्लाला बसायला जागा नव्हती. ती उभीच राहिली. कोरिनने मात्र आशेने इकडेतिकडे बघितलं. एवढी सगळी आपल्यासारखीच! शेजारच्या पोरीला ती म्हणाली, "तुझाही क्लास शुक्रवारीच असतो का?" त्या पोरीने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या जुन्या बासूनकडे, आणि तोंड फिरवून बोटांचा सराव करायला लागली. स्पर्धा होती ना. पोरं एकमेकांशी बोलत नव्हती.

कोरिनने वाजवलं ते छानच. निवड झाली नाही. तिच्यापेक्षा छान वाजवणारी पुष्कळ होती.

परतताना डार्लाने गाडी सावकाश चालवली. गावाच्या वेशीशी आल्यावर म्हणाली, "लिंकनच्या बाईंना सांगते, या शुक्रवारी येत नाही म्हणून. या मोसमातला गावातला शेवटचा सामना आहे. आपण सगळे मैदानावर जाऊ."

कोरिनला त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला.

मैदानात उतरता येणार नव्हतंच. कोण कुठे उभं राहायचं ते ऑगस्टमध्येच ठरतं. पण मध्यंतर संपल्यावर ती कठड्याशी धावत गेली. ब्रेना तुरा काढत होती, घामाघूम, अवतीभोवती चार पोरी.

"ब्रेना!"

"अय्या, कोरिन! तू आलीस?" ब्रेनाला खरंच आनंद झाला. तिने पुढे होऊन मिठी मारली.  मागून कोणीतरी हाक मारली, "पुढून तिसरा!" आणि ब्रेना मान मागे टाकून खळाळून हसली. हसू आवरून ती पुन्हा वळली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मग? कॉलेजची तयारी काय म्हणतेय?"

"छान चाललीये," कोरिन म्हणाली.

ती वर पायऱ्यांवर येऊन आईबापांच्या मधे बसली. लेलंडने कोकोचा कप तिच्या हातात दिला. डार्लाचा चेहरा अजून उत्सुक होता. "काय गं, काय म्हणाली ब्रेना?"

"विचारत होती, कॉलेजची तयारी काय म्हणतेय."

डार्ला हसायला गेली आणि तिचं हसू तोंडातच राहिलं. दवाखान्यात रोज कोणाची ना कोणाची पोरं येतात. आत नंबर लागेपर्यंत काहीतरी बोलायला हवं. नाव आठवत नसलं, की डार्ला त्यांना हेच विचारते.