लोहार बसला त्या दिवशी

माझी आत्या पाल्यानं आणि शब्दानं माणसं बरी करायची. नुसता पाला कामाचा नाही, तो लावताना नेमका शब्द उच्चारावा लागे. भाजलं तर कोरफड लावून ‘ओसर’ म्हणायचं. एकदा ती चुकून ‘गार’ म्हणाली, तर दूधवाल्याचा हात महिनाभर बर्फासारखा राहिला. त्यानं तक्रार केली नाही. उन्हाळा होता, हात हंड्याला लावला की दूध नासायचं नाही.

सगळे शब्द तिच्या सासूनं लिहून ठेवलेल्या वहीत होते. आत्याचं पाठांतर बेताचं, म्हणून वही कायम मांडीवर. एका दुपारी ती अंगणात पाला निवडत असताना कुणीतरी दार वाजवलं. वही तिथंच ठेवून ती दार उघडून परत येईपर्यंत घरच्या शेळीनं सांधेदुखीची अकरा पानं फस्त केली होती.

दुसऱ्या दिवशी धोबीण गुडघा धरून आली. आत्या शब्द आठवत बसली होती, तेवढ्यात शेळी ओरडली आणि धोबीण ताडकन उभी राहिली.

“ठणका थांबला,” ती म्हणाली. “हिला पुन्हा ओरडायला लावा, दुसराही दुखतोय.”

आठवड्याभरात रांग लागली. लोक आत्याला ओलांडून थेट शेळीपुढे पाय पसरत. आत्या दोर धरून उभी.

“वीस वर्षं खलबत्ता मी बडवला आणि नाव झालं हिचं,” ती मला म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही. शेळीला मात्र वेळेवर चारा घातला.

मग एका सकाळी लोहार आला. बायको गेल्यापासून आठ महिने तो बसलाच नव्हता. उभ्यानं जेवायचा, कपाटाला टेकून उभ्यानंच झोपायचा. गुडघे भोपळ्याएवढे. शेळी ओरडली, सूज उतरली, लोहार उभाच.

“आता बसा की,” आत्या म्हणाली.

“नको. सवय झालीय.”

“अहो, खोटं बोलताना तरी माझ्याकडे बघा.”

लोहार शेळीकडेच बघत राहिला. “घरात दोनच खुर्च्या आहेत. तिच्या खुर्चीत बसवत नाही. माझ्या खुर्चीत बसलो की समोर तिची रिकामी दिसते.”

शेळी पुन्हा ओरडली, उपयोग शून्य. आत्यानं वहीची उरलेली पानं दोनदा चाळली. यावर काहीच नव्हतं.

“दोन्ही खुर्च्या इकडे घेऊन या,” ती म्हणाली.

त्यानं त्या डोक्यावरून आणल्या. आत्यानं त्या खिडकीपाशी समोरासमोर मांडल्या, त्याच्या बायकोच्या खुर्चीत स्वतः बसली आणि पुदिना कुटायला लागली. पुदिन्याचा बसण्याशी काही संबंध नाही, हाताला लागला तो घेतला. लोहार समोर उभा.

“खांबासारखे उभे राहू नका,” ती वर न बघता म्हणाली. “माझा उजेड अडतोय.”

तो बसला. बसल्या बसल्या झोपला, तो थेट संध्याकाळपर्यंत. आपण उठलो तर खुर्ची रिकामी होईल म्हणून आत्याही हलली नाही. पाय बधिर झाले तरी नाही. मी तिला तिथंच भरवलं.

‘उजेड अडतोय’ हे पुढे तिनं दोघा-तिघांवर वापरून पाहिलं. ते नुसतेच बाजूला सरकले.

खुर्च्या आत्याकडेच राहिल्या. लोहार एक दिवसाआड येतो, आपल्या खुर्चीत बसून मुळ्या कुटतो. त्याच्या हातची पूड आत्याच्या पुडीपेक्षा बारीक होते, पण हे तिनं त्याला अजून सांगितलेलं नाही.