व्याह्यांचा गोल

कोल्हापूरहून निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी दादरला थांबली. खिडकीतून बघतो तर फूलबाजाराच्या तोंडाशी माझी मुलगी मधुरा, आणि तिच्या शेजारी तिचे सासरे आर्ने. सहा फूट उंच, केस पांढरेशुभ्र, पाठ सरळ. वय माझ्याएवढंच, बासष्ट. मी एक हात दांडीला आणि एक हात गुडघ्याला लावून उतरेपर्यंत त्यांनी माझी बॅग खाली घेतलीसुद्धा. तिथंच माझं डोकं फिरलं.

हे आर्नेराव नॉर्वेचे. माजी फुटबॉलपटू, तेही व्यावसायिक, म्हणजे खेळायचा पगार घेणारे. मीही फुटबॉलवाला. आमच्या पेठेच्या तालमीकडून खेळलो (कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींचेच असतात) आणि पुढे बँकेत चिकटलो. मधुराचं लग्न तिकडेच झालं, त्यामुळे व्याह्यांची गाठ पहिल्यांदाच पडत होती. आता मुलगी-जावई परळला राहायला आले आहेत आणि आर्नेराव त्यांच्याकडे पाहुणे. फोनवर मधुरा त्यांचं कौतुक सांगायची तेव्हा मी नुसता ‘हां, हां’ करत असे. आता चार दिवस ते समोर बसून ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मधुरानं आम्हाला गिरगाव दाखवायला नेलं. ठाकूरद्वारला उतरून फणसवाडीत शिरलो. (आपल्याकडे वाडी म्हणजे शेतातली वस्ती, इथं समोरासमोर चाळी असलेल्या गल्लीला वाडी म्हणतात.) पहिल्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “पाहुणे कुठले हो?”

“कोल्हापूरचा,” मी म्हणालो.

“तुम्ही नाही हो. ते, उंच!”

जेवायला मालवणी खानावळीत बसलो. मोरीचं मटण मागवलं. (मोरी हा मासा आहे, मटण नुसतं म्हणायला.) तिखटानं व्याह्यांची बोबडी वळेल अशी मला फार आशा होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी हातानं ताट पुसून शेवटचा घास खाल्ला आणि आणखी मागितलं. ठसका लागला तो मला, तांबडा रस्सा पिऊन वाढलेल्या माणसाला! मालक खूश होऊन आर्नेरावांना सोलकढीची दुसरी वाटी देऊन गेले. मला पाणी मिळालं.

तिथंच मी माझ्या बँकेतल्या इंग्रजीत त्यांची सगळी कारकीर्द काढून घेतली. वडील मासेमारी करायचे. सतराव्या वर्षी उत्तरेकडच्या गावातल्या क्लबात डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून घेतलं. मग दोन वर्षं जर्मनीत, पण तिथं बहुतेक वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर. देशाचा शर्ट एकदाच अंगावर आला, शेवटच्या काही मिनिटांसाठी. “चेंडूला एकदाच पाय लागला. तोही बाहेर गेला,” ते हसत म्हणाले. नंतर शाळेत पीटीचे मास्तर झाले.

एवढंच? माझा घास जरा सुखानं उतरला.

मग त्यांनी पँट वर करून उजवा गुडघा दाखवला. वाटीपासून खालपर्यंत लांब व्रण. चोविसाव्या वर्षी आतला स्नायुबंध तुटला होता. क्लबनं शस्त्रक्रिया केली, घरबसल्या पगार दिला आणि नुसता गुडघा वाकवून घ्यायला एक बाई रोज यायची. पुढे ते नऊ वर्षं खेळले.

माझाही उजवाच. मीही चोविसाचाच होतो. हाडवैद्यानं लेप लावला, आईनं बूट शेजाऱ्यांना देऊन टाकले, संपलं. देशाचा शर्ट मी पचवला असता, तो व्रण काही पचेना.

“बाबा, तुमचंपण सांगा ना,” मधुरा म्हणाली.

“आमचं काय, धुळीतलं,” मी म्हणालो आणि हात धुवायला उठलो.

तिसऱ्या दिवशी लालबागला चिवडा घ्यायला गेलो, तिथं मधुराच्या इमारतीतले परब भेटले. मंडळाचे सेक्रेटरी. मला बाजूला घेऊन म्हणाले, “काका, उद्या आपल्या मंडळाची फुटबॉल फायनल आहे, भोईवाड्याच्या बाजूला. तुमच्या व्याह्यांचा सत्कार ठेवलाय, शाल-श्रीफळ. परिचय तुम्ही द्या ना! तुम्ही पण खेळलायत, मधुराताई बोलली. आम्हाला काय, ऑफसाइड पण धड कळत नाय.”

मी लगेच हो म्हणालो. दुपारभर विचार करून ठरवलं, जसं आहे तसं सांगायचं. खरं सांगून माणूस लहान होत असेल तर त्यात माझं काय पाप?

मैदानात चांगली गर्दी होती. आर्नेराव खुर्चीत शाल सावरून बसलेले, मधुरा पहिल्या रांगेत. मी माईक घेतला. गाव, क्लब, जर्मनी सगळं क्रमानं आलं. बाकावर बसण्यापाशी पोचलो तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “म्हणजे पाणी द्यायला होता काय रे!”

सगळं मैदान हसलं. आर्नेरावांना वाटलं कौतुक चाललंय. तेही हसले आणि उठून सगळ्यांना नमस्कार केला. मधुरानं मान खाली घातली.

याच हसण्यासाठी दुपार घालवली होती, आणि आता तोंड कडू झालं. माझ्या लेकीच्या सासऱ्याला चारचौघांत हसत होते आणि माईक माझ्या हातात होता.

“थांबा,” मी म्हणालो, “फायनलचं राहिलं.”

मग मी सांगितलं. एक-एक बरोबरी. गुडघा गेलेला, बदली खेळाडू संपलेले. कप्तान म्हणाला, नुसता उभा राहा. शेवटचा कॉर्नर आला आणि या गड्यानं एका पायावर उडी मारून डोक्यानं गोल केला. पडला तो उठलाच नाही, खांद्यावर उचलून न्यावा लागला. “वरून बर्फ पडत होता,” मी म्हणालो.

बर्फ कुठला! मे महिन्याचं ऊन होतं आणि ते डोकं माझं होतं. पेठेच्या जागी नॉर्वेतलं गाव घातलं आणि धुळीच्या जागी बर्फ. बाकी सगळं होतं तसंच सांगितलं.

शिट्ट्या, टाळ्या, ढोलसुद्धा वाजला. आर्नेरावांनी मधुराला विचारलं, काय सांगितलं? लहानपणी हीच गोष्ट ऐकल्याशिवाय ती जेवत नसे. ती माझ्याकडे बघत त्यांना म्हणाली, “तुमच्या गुडघ्याचं सांगितलं.”

घटकाभर मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मग फोटोसाठी त्यांच्याभोवती झुंबड उडाली, मी गर्दीबाहेर ढकलला गेलो. माझ्याच गोलाचा मला हेवा वाटत होता.

सकाळी दादरला गाडीची वाट बघताना एक गृहस्थ थांबले. “काल माईकवर तुम्हीच ना? काय गोल मारला हो तुमच्या व्याह्यांनी! तुम्ही पण खेळायचात काय?”

“मी बँकेत होतो,” मी म्हणालो.

तो गोल पाहिलेली आमच्या पेठेत आता तीन-चार माणसं उरली आहेत आणि त्यांतल्या एकाला काही आठवत नाही. परळात मात्र तो कालपासून मैदानभर लोकांना ठाऊक आहे. वाटभर मी हाच हिशेब करत आलो, आणि दर वेळी तो आर्नेरावांच्याच बाजूनं सुटला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकतच राहिली. “अहो, गोल तुमचा. त्यांना कशाला दिलात?”

“व्याही आहेत,” मी म्हणालो. “रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?”