सुरयांची सहा घरटी

मला एक सांगा, अंडी राखायला माणूस ठेवायचा, तर विश्वास कोणावर ठेवाल? घाई नको. बहरीनच्या गुदैबियात इतकी वर्षं किराणा विकतोय, तरी मला अजून जमलेलं नाही. आणि दर शुक्रवारी किनाऱ्यावर गेलो की संशयाला नवा किस्सा चिकटतोच!

सुरय पक्षी उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतो. उंदीर-मांजरं ती खातात. म्हणून आम्ही हौशी मंडळी पिंजरे लावतो, सापडलेलं जनावर वहीत लिहितो. आमिष माझ्या दुकानाचं, सुके बोंबील. यंदा घरटी सहाच.

*

पहिल्याच आठवड्यात बोंबील गायब, पिंजरे रिकामे, दारं मात्र नीट लावलेली! जाताना दार लावणारा उंदीर मी तरी पाहिला नाही. आमच्यातल्याच वसईच्या बास्त्यावला धरलं.

"हमीदभाय, एवढा भारी माल उंदराला कशाला?" तो म्हणाला. "कांदा घालून केले. मस्त झाले!"

*

मग वहीत तीन उंदीर दिसले. हस्ताक्षरं तीन, पिंजरा एकच. मी जाऊन पाहिलं. आत एकच उंदीर! बाहेर काढायची हिंमत कोणाची नव्हती, म्हणून येणारा प्रत्येक जण लिहून निघून गेलेला.

आमची लीडर फिलोमिना नर्स आहे. म्हणाली, "आमच्या वॉर्डात हेच. पेशंट एक, राउंड तीन!"

*

रोज एक बहरिनी म्हातारा गाडीत बसून दुर्बिणीने बघायचा. अंडीचोर! मी काचेवर टकटक केली.

"तुम लोग चिडिया पकडके बेचता, हाँ?" त्यानेच मला दरडावलं. माझ्या व्हॅनचा नंबर त्याच्या तळहातावर लिहिलेला होता.

*

घरटी मात्र कमी होत गेली. सहाची पाच, पाचाची चार. भोवती मांजराची पावलं, आणि तीही शुक्रवारीच, आम्ही तिथे असताना!

"आपल्यातलाच कोणीतरी मांजर आणतो," मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बास्त्यावने आईची शपथ घेतली. पुढच्या शुक्रवारी फिलोमिनाने एक पिंजरा माझ्या व्हॅनजवळ लावला. मागचं दार नेहमीसारखं उघडं, आत बोंबलांची पोती.

तासाभरात एक घरटं गेलं आणि मांजर सापडली. जाडजूड, पांढरी. गळ्यात निळी दोरी, मी पुडे बांधतो तसली.

"हमीदभाय, ओळखीची वाटते?"

"छे!" मी म्हटलं.

मांजर जाळीतून माझी बोटं चाटत होती.

तर आजपासून वही तुमच्याकडे, नव्या माणसाकडे. घरटी तीन. शेवटच्या ओळीत मी 'बेवारस मांजर' लिहिलंय. त्यातलं 'बेवारस' तेवढं खोडा, आणि पुढचा हिशेब खरा ठेवा.